हात बाहेर, तोंड घरात

घाटकोपरला माझ्या शेजारी भीमराज राहतो. माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. तोंडावर काका म्हणते, तेवढं बस.

तीस वर्षं त्यानं महापालिकेत डासांसाठी धूर मारायची नोकरी केली. खांद्याला मशीन लावून गल्लोगल्ली ओरडायचा, "बायांनो, पोरं बाजूला घ्या, धूर छातीत जातो!" जगाच्या पोरांची केवढी ती काळजी! आणि घरी, दहा बाय बाराच्या खोलीत, तीन वर्षांची नात याच्या विड्यांच्या धुरात खोकतेय.

विडी ओढायला खिडकीत बसतो. हात बाहेर, तोंड घरात. वर म्हणतो, "मी बाहेरच ओढतो ना!" काय बोलायचं या अकलेला?

नातीचं नाव यशोधरा. आम्ही यशू म्हणतो. नाक सतत गळायचं, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. भीमराजनं कारणं शोधली. आधी केळी बंद, मग दूध बंद, मग जिन्यातलं मांजर हाकललं. शेवटी त्याला देवनारच्या कचऱ्याचा धूर सापडला. त्याविरुद्ध सह्या गोळा करत दारोदार फिरला, कानावर विडी खोचून! माझ्याही दारात आला. मी दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं? सून नीलम तोंड उघडणार, तेवढ्यात हाच म्हणाला, "कोणी नाही." विकी, त्याचा मुलगा, शेजारी उभा होता. त्यानंही मान डोलावली. बाप तसा बेटा.

गेल्या महिन्यात यशूचे ओठ निळे पडले. दवाखान्यातून नीलमनं तिला थेट माहेरी नेलं. माहेर कुठं, तर देवनारलाच! तिथं महिनाभरात शिट्टी थांबली. डॉक्टरांनी बजावलं, औषध चालू ठेवा, आणि घरात कोणी ओढत असेल तर पोरीला तिथं नेऊ नका.

रविवारी नीलम एकटीच आली. मला सोबत घेऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, यशू रोज विचारते, घरी कधी जायचं? विडी सोडा ना. निदान खाली जाऊन तरी ओढा."

भीमराजनं कानावरची विडी काढून हातात घेतली. मला वाटलं, विरघळला म्हातारा.

"तिकडे बरी आहे ना ती?"

"हो, बाबा."

"मग राहू दे की तिकडंच," म्हणाला, आणि काडेपेटी शोधायला लागला.