मंदाताईची शोकसभा एसी हॉलमध्ये नको

मंदाताई काल गेली, आणि आमच्या कारखानदारांच्या असोसिएशनने तिची शोकसभा आज संध्याकाळी सातला ठेवली. फुल्ल एसी हॉलमध्ये.

बाई असती तर आधी हसली असती. मग शिव्या घातल्या असत्या.

सारसोळ्याची मंदाताई. तळोज्यात माझ्या खोक्यांच्या कारखान्याला लागून तिचा बर्फाचा कारखाना.

दुपारी सोलरची वीज भरपूर असते, तेव्हा ती कॉम्प्रेसर दणकून चालवायची. संध्याकाळी घरोघरी पंखे, एसी लागले, लाइनवर लोड चढला, की कॉम्प्रेसर बंद. ही गेटवर चहा घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी सारखी लाइन ट्रिप व्हायची. शेजारच्या गावात काळोख.

ही असोसिएशनच्या मीटिंगमध्ये उभी राहिली. "सगल्यांनी थोरा थोरा लोड कमी करा. चिलर, भट्ट्या मागंपुढं चालवा."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, बिल आम्ही भरतो. बंद का ठेवायचं?"

"बिल तुजा हाय. लाइन सगल्यांची हाय."

"आणि तुमचा बर्फ वितळला तर?"

"बरफ हाय तो. तुज्या शब्दासारका नाय, लगेच पानी व्हायला."

हॉल हसला. लोड कुणी कमी केला नाही.

मी म्हटलं, "ताई, तुझ्या एकटीने काय होणार?"

"मंग तू ये. दोगं होऊ."

त्या संध्याकाळी मी मशीन बंद करून तिच्या गेटवर गेलो. चहा फुकट होता.

पुढे पलीकडचा प्लास्टिकवाला आला. मग कोल्ड स्टोरेजवाले. ट्रिपिंग किती कमी झालं ते अध्यक्षांना विचारा. त्याचं श्रेय त्यांनी स्वतःच्या फोटोखाली छापलंय.

आज त्यांच्या बॅनरवर मंदाताई "ऊर्जाक्रांतीची रणरागिणी" आहे. बॅनरवर चार हॅलोजन. ऐन पीक अवरला.

मघाशी तिच्या लेकीने, रेश्माने, ग्रुपवर लिहिलं, "काका, आईला एसीत नेऊ नका. सातला आमच्या गेटवर या. चहा आहे."

अध्यक्षांचा लगेच मेसेज, "बेटा, दुखवट्यासाठी कारखाना बंद ठेवलाय का?"

"नाही ओ काका. दुपारभर चालू होता, मासेवाल्यांना बर्फ लागतोच. या वेळेला आमचा रोजच बंद असतो."



हॉलमध्ये जाणाऱ्यांनी खुशाल जावं. स्वेटर न्या.

मी गेटवर आहे. मशीन बंद करून आलोय. प्लास्टिकवालाही आलाय.

ताई, बर्फ घट्ट आहे. तू निवांत जा.

श्रद्धांजली आहेच. भावपूर्ण, आणि बिनलोडची.