साहेब, तोंड उघडा

"साहेब, तोंड उघडा!" असं म्हणून काका अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे, "पाहा, लाली! याला म्हणतात तब्येत."

साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. काका आयुष्यभर फॅक्टरीत साहेबांपुढे हात बांधून उभे राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्रा आणला तो केवळ त्याचं नाव साहेब ठेवता यावं म्हणून, असं माझं प्रामाणिक मत आहे. संध्याकाळी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत आवाज घुमायचा, "साहेब, खाली बसा! साहेब, चपला खाऊ नका! काही लाजबिज आहे का नाही, साहेब?" इतका समाधानी पेन्शनर तुम्हीही पाहिला नसेल.

मी शेजारी. त्याच फॅक्टरीत, पण अजून नोकरीत, म्हणून मुकाट. काका मला मुक्याच म्हणायचे. "काय मुक्या, काहून गप बसून राहिला? साहेब तुझ्यापेक्षा जास्त बोलते."

साहेबाचा आहार काकांसारखाच. रोज दूधपोळीचा काला, रविवारी खव्याची जिलेबी. लाली पाहायची तर श्वास रोखून पाहावी लागे. "साहेब लोकांच्या तोंडाला वास येणारच," काका म्हणायचे.

आता त्या लालीबद्दल. हिरडी गुलाबी, पण दाताला टेकते तिथे एक लालभडक, फुगलेली कड. ती कड मला ठाऊक होती. नागपूरला बहिणीच्या कुत्र्याला तेच झालं होतं. हिरडीला सूज यायला लागली आहे, आत्ताच रोज दात पुसले तर उतरेल, नाहीतर दातच जातील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

हे काकांना सांगायला मला असा कितीसा वेळ लागला असता? पण ती लाली दाखवताना त्यांचा चेहरा फुलायचा. आणि खरं सांगू, गल्लीतल्या लोकांसोबत त्यांच्या पाठीमागे हसायला मलाही मजा यायची. अख्खा हिवाळा मी फक्त "वा काका, वा" म्हणत राहिलो.

मग एक दिवस साहेबाने पोळीचा तुकडा तोंडात घेतला, कुंई केलं आणि टाकून दिला. जिलेबीकडेही पाठ फिरवली. काका माझ्या दारात आले. "मुक्या, साहेब जेवून नाही राहिला बे. काय करू, सांग ना."

मी तोंड उघडलं. "काका, ती लाली नाही. सूज आहे. मला माहीत होतं."

काका उसळले. "मग बोलला काहून नाही? तुझ्या तोंडात काय जिलेबी होती?"

तेवढं बोलून घरी गेले आणि घाबरून साहेबाच्या हिरड्यांना स्वतःचं लाल दंतमंजन चोळून बसले. मी दोघांना गुरांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर खेकसले, "बाबूजी, ये आदमी का मंजन है! कुत्ता थूकेगा क्या?" मागची एक दाढ काढावी लागली. बाकी ठिकाणी नुकती सुरुवात होती. बोटाला ओलं फडकं गुंडाळून रोज पुसा, म्हणाले.

"साहेबाची एक पोस्ट खाली झाली," परतताना रिक्षात काका हसले. मला हसू आलं नाही. ती दाढ माझ्या नावावर आहे.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "मुक्या, फडकं!" मी ते भिजवून, पिळून न्यायचो.

काका वारले तेव्हा त्यांच्या मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला परवानगी नव्हती. साहेब माझ्याकडे आला. पहिल्या संध्याकाळी मी बोटाला फडकं गुंडाळून हळूच म्हणालो, "उघड बाबा." दातखीळ. "उघड ना राजा." त्याने तोंड फिरवलं.

शेवटी मी ओट्यावर उभा राहून, जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, "साहेब, तोंड उघडा!"

गल्लीतून स्कूटरवर चाललेले आमच्या सेक्शनचे खरे साहेब दचकून थांबले. कुत्र्याने निमूट तोंड उघडलं.

"क्या हुआ भाई?" खऱ्या साहेबांनी विचारलं.

मी अंगठ्याने ओठ उचलला. "आइए सर, देखिए," मी म्हणालो, "लाली बिलकुल नहीं है."