मावशीचं शवासन

सगळ्या वर्धा जिल्ह्यात डोकं खाली आणि पाय वर करून शेजारणीशी भांडू शकेल अशी बाई एकच होती, आणि ती म्हणजे माझी देवळीची थोरली मावशी. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती भिंतीशी शीर्षासनात उभी राहायची आणि तिथूनच ठणकावायची, ‘तुही बकरी माह्या वांग्यात घुसून राह्यली, दिसत नाई काय?’ उत्तर नेमकं कुठल्या टोकाला द्यावं, या विवंचनेतच शेजारीण हरायची.

हे वेड लागलं ते मावसाजी गेल्यावर. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात होतो. मावसाजी दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मावशी हातभर अंतरावर डाळ निवडत बसली होती, तिला पत्ताही लागला नाही. तेव्हापासून तिनं जमिनीला पाठ टेकवणं सोडलं. रडली नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. वाळून काडी झाली. शेवटी वहिनीनं, म्हणजे तिच्या सुनेनं, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांना बोलावलं. चार आसनं केली की झोप लागेल, असा मास्तरांचा अंदाज. मावशीनं त्यांच्याकडची होती नव्हती तेवढी सगळी आसनं वसूल केली. स्टँडवर एसटीची वाट पाहताना ती डोळे मिटून भुंग्यासारखी भ्रामरी करायची, तेव्हा शेजारची माणसं उपरणी डोक्यावर घेऊन मोहोळ शोधायची. कंडक्टर खेकसला तर त्यालाही सल्ला ठरलेला. ‘आंधी श्वास सोड बापा, मंग तिकीट फाड.’

फक्त शवासन म्हटलं की नन्नाचा पाढा. ‘मास्तर, झाडाले उलटं टांगा मले, पन मुडद्यावानी पडाले सांगू नका. घरात एकदा झालं तेवढं पुरे.’ मास्तरांनी हात टेकले. झोप काही आली नाही, आणि ही बाई मावसाजींच्या मागोमाग जाते की काय, या धास्तीनं आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो, तर तिनं आसनं करवून करवून माझा पिट्टा पाडला. दुपारी मी ओसरीवर पसरलो आणि डोळे मिटले. मावशी किंचाळलीच, ‘उठ! उठ म्हनतो ना!’ उठायचं त्राण कुणाला होतं? मी तिचा हात ओढून माझ्या पोटावर ठेवला.

‘पाह्य ना मावशी, चालू हाय.’

तिनं बराच वेळ हात काढला नाही. मग हळूच म्हणाली, ‘त्यायच्या पोटावर हात ठेवला असता, त समजलं असतं मले.’

मी म्हटलं, ‘तू पड. मी पाह्यतो तुह्याकडे.’

‘थांबलं त हालवजो मले,’ असं चारदा बजावून ती आडवी झाली, आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. वहिनी चहा घेऊन आली, दारातच थबकली आणि तोंडाला पदर लावून परत गेली. पायांना मुंग्या आल्या तरी मी नजर हलवली नाही. दिवेलागणीला मावशी उठली.

‘काऊन हालवलं नाई रे?’

‘थांबलंच नाई, त काऊन हालवू?’

ती खुदकन हसली, आणि हसता हसता मावसाजींसाठी पहिल्यांदा ढसाढसा रडली. आम्ही तिला रडू दिलं. त्या रात्री घरातले सगळेच गाढ झोपले.

पुढे ती बरीच वर्षं जगली, मनसोक्त भांडली. ती गेली तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनीला मी एवढंच विचारलं, ‘कोनी होतं काय तिच्याजवळ?’

‘मी होतो ना, भाऊजी. माहा हात त्यायच्या पोटावरच होता.’

मग मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.