तपासणीपुरती गोळी

"काय दुखत नाय, खुपत नाय, मग दवाखाना कशाला?" असं म्हणून भाऊ खांद्यावरचा पंचा झटकायचे आणि स्टिअरिंगवर बसायचे. त्या झटक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. भाऊ महाड डेपोतले ड्रायव्हर, मी त्यांचा कंडक्टर. सत्तरचं दशक सरता सरता पोलादपूरवरून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीवर आम्ही एकत्र होतो. तुम्ही तेव्हा आंबेनळी घाट उतरला असाल, तर बहुधा त्यांच्याच हातून सुखरूप उतरला असाल.

घाटात भाऊ राजा होते. खाली आले की टपरीवर भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. घरी बायकोनं मीठ तोडलं होतं, त्याची भरपाई इथं व्हायची.

मीठ तोडलं ते रक्तदाबामुळे. महाडच्या डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून बघितलं आणि गोळी सांगितली, रोज, जन्मभर. भाऊंनी धसका घेतला तो दाबाचा नव्हे, डेपोचा.

"गोळी चालू केली म्हंजे आजारी हाय असं झालं. गाडी काढून घेतील, नि बसवतील गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला. मी त्या खुर्चीतच मरेन रे."

सांगावं तर गाडी जाते, लपवावं तर दाब वाढतो, अशा कात्रीत माणूस सापडला होता. त्यातून त्यांनी युक्ती काढली. ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी जवळ आली की काही दिवस गोळ्या घ्यायच्या, दाब उतरवायचा, पास व्हायचं, आणि गोळ्या बंद. गोळ्या आणायच्या मी, माझ्या आईच्या नावावर. एकदा बाजारात औषधाच्या दुकानदारानं आईला विचारलं, "आजी, प्रेशर कसं आहे?" आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की प्रेशर माझंच वाढलं असेल. भाऊ ऐकून पोट धरून हसले.

मग एका वर्षी पाय सुजू लागले. सकाळी तोंडही फुगलेलं दिसायचं. माझा त्यांच्यावर फार जीव. मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी तपासून डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं रक्ताचा जोर सोसून मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड झाल्यात, आतून अरुंद झाल्यात. रक्त पोचत नाही, म्हणून मूत्रपिंडं आकसत चाललीत. आणि हे दुखत नसतं." पुढचा इलाज मुंबईत, मशीनवर रक्त साफ करायचं, तेही नंबर लागला तर. भाऊ पंचा हातात धरून नुसते बसून राहिले.

गाडी गेली. गेटवरची खुर्ची मिळाली. मी नव्या ड्रायव्हरबरोबर निघायचो तेव्हा भाऊ मान खाली घालून आमच्या गाडीचा नंबर लिहायचे. मला ते बघवत नसे.

शेवटचे ते आमच्या गाडीत बसले ते प्रवासी म्हणून, पोलादपूरला घरी जायला. मग म्हणाले, "तपासणीला मी दर वर्षी पास व्हायचो ना?"

"व्हायचात की."

"ते गोळीनंच ना? मग रोज घेतली असती, तर कवाही तपासलं असतं तरी पास झालो असतो. गाडी माझ्याकडंच ऱ्हायली असती. येवढं डोक्यात आलं नाय रे."

पोलादपूरला हाताला धरून त्यांना उतरवलं आणि घंटी दिली. गाडी हलेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे होते, माझ्याकडे नाही, स्टिअरिंगकडे बघत. दिवाळीच्या आत भाऊ गेले.