मांजरीचा सहा दिवसांचा रुसवा

नऊ महिन्यांची आमची मांजर एका सोमवारी अचानक माझ्याशी फटकून वागायला लागली. आदल्या दिवसापर्यंत दुपारी माझ्या पोटावर झोपणारी ही बया, मी हात पुढे केला तर नाक मुरडून मागे सरली आणि कपाटावर जाऊन बसली. मी अंबडचा निवृत्त मास्तर. वर्गातली पोरं माझ्याकडे पाठ फिरवायला धजायची नाहीत आणि इथे एवढंसं जनावर माझ्याकडे शेपूट करून बसलं होतं. खरं सांगतो, मला फार लागलं.

रुसवा माझ्यापुरता असता तर चाललं असतं. पण बुधवारी तिने मागच्या खोलीतलं आपलं वाळूचं घमेलं सोडून आमच्या गादीवर कार्यक्रम उरकला. गुरुवारी पुन्हा तेच. बायकोने गादी उन्हात टाकली आणि निकाल दिला, "रविवारी आखाड्यावर जाताय ना, मंग हिला बी घेऊन जा. तिथं उंदरं लई झालेत."

आखाडा म्हणजे शहागडकडच्या आमच्या बागेतली पत्र्याची खोली. तिथे कुत्री मोकाट फिरतात. घरात वाढलेली मांजर चार दिवसही टिकली नसती. हे बायकोलाही कळत होतं, म्हणूनच ती माझ्याकडे न बघता बोलली.

मी कामाला लागलो. आधी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागून मीच खोकत बसलो आणि मांजर माळ्यावर पळाली. शेवटी शनिवारी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पिशवीभर मोसंबी घेतली.

टोपली आणि पिशवी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. डॉक्टरांचं आयुष्य म्हशी तपासण्यात गेलेलं, तरी त्यांनी मांजरीचं पोट मन लावून चाचपलं. "तब्येत बराबर हाय. गुरुजी, घरात काही नवं आलंय का? पाहुणे, कुत्रं, रंगकाम?"

"न्हाई, बिलकुल न्हाई," मी छातीठोकपणे सांगितलं.

मांजर पुन्हा टोपलीत शिरून अंग चोरून बसली. टेबलावर जागा हवी म्हणून डॉक्टरांनी पिशवी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली, तशी मांजर हळूच टोपलीबाहेर आली आणि टेबल हुंगत हिंडू लागली. डॉक्टर थबकले. एक मोसंबी आणून त्यांनी तिच्यापुढे धरली. मांजर पुन्हा टोपलीत.

"घरात किती हायेत?"

"चार कॅरेट. मागच्या खोलीत."

"आन् तिचं घमेलं?"

घमेलंही तिथंच होतं. बागेचा माल उतरला की घरासाठी चार कॅरेट काढायची, आणि लेकी-जावई, व्याही, शेजारी सगळ्यांना पिशव्या भरून द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. आठवडाभर मी तीच मोसंबी निवडत होतो आणि त्याच हातांनी मांजरीला कुरवाळायला जात होतो. बायको सालींच्या पाण्याने फरशी पुसत होती. मोसंबीचा वास कुणाला नकोसा होईल, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या डोक्यात येणारच नाही. नवं काय म्हणून विचारलं तर मी मोसंबी कशी सांगणार? ती दरवर्षी येते. मांजरीचं मात्र हे पहिलंच वर्ष होतं.

संध्याकाळपर्यंत कॅरेट गच्चीवर गेली, फरशी साध्या पाण्याने पुसली, मी साबणाने तीनदा हात धुतले. सकाळी घमेल्यातली वाळू उकरलेली दिसली. बायकोने ती पाहिली आणि गादी आत आणली.

आखाड्याची फेरी रद्द करून दुपारी मी आडवा झालो, तेव्हा मांजर आली. माझं एकेक बोट हुंगलं आणि पोटावर चढून डोळे मिटले. सहा दिवस ती परोपरीने सांगत होती आणि मी तिला रागीट ठरवून मोकळा झालो होतो.

"चुकलं माझं, बाई," मी मोठ्याने म्हणालो. "माफ कर."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"पस्तीस वर्षं झाली लग्नाला," आतून आवाज आला. "आमचा नंबर कधी लागल?"