उतरत गेलो आणि वर पोचलो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पुढाऱ्यांच्या भाषणांवर तर त्याहून नाही. पंचवीस वर्षं भूगोल शिकवलाय, त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय…

पाटोद्याच्या पुढे बालाघाटाची कड जिथे एकदम तुटते, तिथे एक लहान गाव आहे. तिथले पुढारी नाना यांना भव्य स्वागतकमान उभारायची होती, आणि गावाचा 'गौरवशाली इतिहास' लिहायचं काम माझ्याकडे आलं. निजामाच्या काळातली एक पायवाट डोंगर उतरून गोदाकाठच्या गंगथडीकडे जाते — इतिहास म्हणावा असा तेवढाच. वाटेच्या तोंडाशी, नेमका कमानीच्या जागेवर, दगडांचा ढीग होता. तो हलवायला हरकत नाही, असं मी लिहून दिलं की जेसीबी येणार.

जानेवारीतली दुपार. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. ढिगातला पांढऱ्या स्फटिकांचा एक दगड नमुना म्हणून पिशवीत टाकला आणि वाट उतरायला लागलो. पाऊण तास उतरलो. मोबाईलवर उंची कमी होत होती, गुडघेही तेच सांगत होते. शेवटचं वळण घेतलं — समोर तोच ढीग.

ऊन लागलं असेल म्हटलं. पाणी प्यायलो, पुन्हा उतरलो.

पुन्हा ढीग. या वेळी शेजारी शेळ्या घेऊन सुमनबाई उभ्या. सकाळी त्यांनीच वाट दाखवली होती.

"कितीदा चकरा मारताव, सर?"

"वाट चुकतेय."

"एकच तर वाट हाय. चुकंल कशी?" त्यांनी पिशवीकडे बघितलं. "हितून काही उचललं का?"

मी दगड काढला. त्यांचा चेहराच बदलला.

"आवो, ह्यो आमच्या मालकाचा हाय! तोडीला जाताना ज्यानं त्यानं एक ठिवायचा, परत आला की ज्याचा त्यानंच काढायचा. मालक चार साल झाले, आले न्हाईत. दुसऱ्यानं काढला म्हंजी माणूस संपला, आसं धरत्यात. एवढे शिकलेले तुमी… इचारायचं तरी!"

"चुकलं बाई." मी दगड परत ठेवायला वाकलो.

"तितं न्हाई. त्या फटीत."

मग उतरलो. पाऊण तासात खाली डांबरी रस्ता लागला.

मोबाईलमधली नोंद अजून आहे. तिन्ही वेळा नुसता उतार. चढ एकदाही नाही. एका प्राध्यापक मित्राला दाखवली. तो म्हणाला, फोन बदल. फोन बदलला. झोप लागत नाही ती नाहीच.

ढीग हलवू नये, असं लिहून दिलं. नानांचा लगेच फोन — "कावून, सर? लई मोठी माणसं यायलीत उद्घाटनाला!" कारण न सांगता लिहिलेलं तसंच ठेवलं. कमान शंभर पावलं अलीकडे झाली. इतिहासाच्या जागी नानांचा फोटो आहे.

मार्चमध्ये तोडीवरून माणसं परतली तेव्हा मुद्दाम गेलो. जो तो आपापला दगड काढत होता. सुमनबाई ढिगाच्या कडेला उभ्या होत्या. मला बघून जवळ आल्या, हळूच म्हणाल्या,

"सर, त्या दिशी तुमी दोनदा खालून वर आलाव ना… वाटंत कोण भेटलं का?"

नाही म्हणालो. पण वर चढल्याचंच मला आठवत नाही — मग कोणी भेटलं नाही, हे मी कशावरून सांगितलं?