हजेरीत न आलेलं गाव

शेवटच्या भेटीत मामांनी माझी हजेरी घेतली. परभणीच्या दवाखान्यात, भर दुपारी. संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता, त्याला महिना उलटला होता, आणि माझे मामा, माधवमामा, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपलेत. तेवढ्यात डोळे मिटूनच त्यांनी हाक मारली, "सरोज!" दोन लेकरांची आई असलेली मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "चारठाणा." सलाईन बदलणाऱ्या सिस्टरने कौतुकाने विचारलं, "चारठाण्याच्या का तुमी?" तिला काय सांगणार! मामा पुढे निघालेच होते. "विनायक?" तो बिचारा हैदराबादेत नोकरीवर. मीच म्हणाले, "बोरी." "शोभा?" मी म्हणाले, "सोनपेठ." आणि मग मामा म्हणाले, "कांता?..." मी तोंड मिटून घेतलं. ते थांबले. मग स्वतःचंच नाव घेतलं, "माधव..." आणि तिथेही गप्प बसले. दोन दिवसांनी ते गेले.

ही हजेरी कसली, ते सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. जुनं हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा इकडे आला आणि पोटापाण्यासाठी हैदराबादेत गेलेली आमची घरं तिकडेच राहिली. माझे वडील चारठाण्याचे, पण मी वाढले काचीगुड्यात. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू, आणि तोंडात सगळ्याची खिचडी. एका सुट्टीत मी आजोळी आले आणि मामांना म्हणाले, "मला पाणी होना." 'हवं' म्हणायला मला दखनीच सुचायचं. मामा जिल्हा परिषदेचे मास्तर. हसायचं सोडून हा माणूस कपाळाला हात लावून बसला. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी गावाबाहेरच्या आपल्या आमराईत शिबिर भरवलं. परभणी जिल्ह्यातून हैदराबादेत गेलेल्या घरांची पोरं महिनाभर तिथे राहायची. नाव ठेवलं माहेर शिबिर. मुलगे कुरकुरले, आम्हाला कसलं माहेर? मामा म्हणाले, "गाव सोडून गेला तो लेकीवाणीच. महिनाभर यायचं, खायचं, रडायचं न्हाई." सकाळी हजेरी व्हायची. हजर म्हणायचं नाही, प्रेझेंट म्हटलं तर त्या दिवशी आमरस बंद. आपल्या घराण्याने सोडलेल्या गावाचं नाव घ्यायचं, तेही ठणकावून. सुरुवात मामा स्वतःपासून करायचे. "माधव!" असं स्वतःच ओरडून स्वतःच आपल्या गावाचं नाव घ्यायचे आणि आम्ही खिदळायचो.

आमराईच्या कडेला एक दगडी खोली होती. जाणारी माणसं मागे टाकून गेली त्या वस्तू मामांनी तिथे जमवल्या होत्या. कुणाची काठवट, कुणाचं पेरणीचं चाडं, कुणाच्या पाळण्याच्या दोऱ्या. माझ्या आजीची उखळी तिथे होती आणि मी तिच्यावर बसते म्हणून मामांची बोलणी खाल्ली होती. ही खोली बांधली सखारामदादांनी. गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतले गवंडी, हात सोन्याचा. त्यांची मुलगी कांता माझ्याच वयाची. मामांनी तिलाही शिबिरात घेतलं. आम्हाला शिकवायला, शिकायला नव्हे! ओव्या, उखाणे, सागरगोटे, शिव्यासुद्धा तिच्याकडूनच. मी पाणी मागितलं की म्हणायची, "होना का पिना, आधी ठरव." कांता पंगतीत बसते म्हटल्यावर गावातल्या काही घरांतून येणाऱ्या भाकरी बंद झाल्या. मामी जास्तीच्या भाकरी थापत राहिल्या. हजेरीत कांता आमच्याहून मोठ्याने गावाचं नाव घ्यायची, कारण ते सोडलेलं गाव नव्हतं, ती तिथेच राहत होती. आम्हाला तिचा हेवा वाटायचा.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. आम्ही हैदराबादेत होतो, पाऊस लागून राहिलेला, आणि मामांचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. वस्ती जाळली, सखारामचं घर राहिलं नाही. कांताची आजी घरातच होती, हे मामांनी लिहिलं नव्हतं... ते पुढे कळलं. बाहेरून माणसं आली आणि करून गेली, असं गाव तेव्हा म्हणालं आणि आजही म्हणतं. मामा एवढंच विचारायचे, "बाहेरच्याला सखारामचं घर कोणतं, हे दाखवलं कुणी?" सखारामदादा उरलेली माणसं घेऊन परभणीला गेले, स्टेशनामागे पत्र्याच्या खोलीत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मामा परभणीला खेटे घालत राहिले. तिसऱ्या खेपेला सखारामदादा म्हणाले, "मास्तर, पोरीला नेता, पर तिला जपता का?" मामांनी मान डोलवली आणि कांताला घेऊन आले. पहिल्या सकाळी आम्ही रांगेत उभे. माधव झालं, सरोज झालं, विनायक, शोभा झालं. मामा म्हणाले, "कांता!" ती गप्प. आम्हाला वाटलं, ऐकलं नसेल. मामा पुन्हा म्हणाले, आणि मग हळूच, "घे बाळा. आता तर तूबी गाव सोडल्याली. आता तर तुझाच हक्क हाय."

कांताने मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमी रोज आमाला गावाचं नाव घ्यायला लावता, मामा. गावानं आमचं नाव कदी घेतलं?"

त्या दिवशी हजेरी तिथेच मोडली. मामांनी टोपी चढवली आणि रणरणत्या उन्हात गावात गेले. त्यांना फार मोठं काही नको होतं. गावातल्या चार मोठ्या माणसांनी परभणीला चलावं आणि सखारामला नावाने हाक मारून म्हणावं, चल घरी. एवढंच. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे होते. प्रत्येक ओसरीवर पाणी मिळालं, चहा मिळाला, सुपारीसुद्धा. एकजण म्हणाले, "येऊ द्या की, कोण नको म्हनतंय?" मामा म्हणाले, "मग चला बोलवायला." ते म्हणाले, "आता मास्तर, आपुन कशाला?" दुसऱ्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, "पोरीचं काय मनावर घेता, लेकरूच हाय ते." संध्याकाळपर्यंत एक माणूस उठला नाही. ज्यांच्या पोरांना मामांनी मुळाक्षरं गिरवायला लावली, त्यांच्या दारातून हा माणूस रिकाम्या हाताने परतला. आमराईत आल्यावर हौदाच्या कडेला बसून ढसाढसा रडला. मोठी माणसं अशी रडतात हे मला माहीत नव्हतं. मी घाबरून मामींना बोलवायला पळाले.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "माधव," आणि पुढे काहीच बोलले नाहीत. कांता घेत नाही तोवर मीही गावाचं नाव घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कांता शिबिर संपेपर्यंत राहिली, तिने ओव्या शिकवल्या, माझ्या केसांतल्या उवा काढल्या. पण हजेरीत गावाचं नाव काही तिने घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही, नंतरही कधी आली नाही. मामा तिचं नाव मात्र घ्यायचे, थांबायचे, आणि मग म्हणायचे, "बसा." नवी पोरं हसायची. हळूहळू पोरंही आटली. सुट्टीत टायपिंग, इंग्रजीचे क्लास, टीव्ही... खेड्यात उन्हाने मरायला कोण पाठवतं? शेवटची काही वर्षं एकही लेकरू आलं नाही. मी लग्न होऊन परभणीत आले होते. एका मे महिन्यात आमराईत गेले तर मामा रिकाम्या मांडवाखाली उभे राहून हजेरी घेत होते. मला संताप आला. म्हटलं, "मामा, सोडा आता. लोक वेडं म्हणतात तुम्हाला." ते म्हणाले, "म्हनू दे. वाट बघायला काय शहानपन लागतंय?" संक्रांतीला रेडिओवर नामविस्ताराची बातमी लागली तेव्हा ते उठून बसले म्हणे, आणि मामींना म्हणाले, "आता तरी कुनी जाईल का गं परभनीला?" मामींनी रेडिओ बंद केला.

तेराव्यानंतर कांता आली. तालुक्याच्या कचेरीत नोकरी करते, केसांत एक पांढरी बट. गावातून न येता शेतातल्या वाटेने थेट आमराईत आली. दगडी खोलीच्या भिंतीवर तळवा टेकवून म्हणाली, "बाबांचा हात हाय हा. एक चिरा हलला न्हाई." मी तिला दवाखान्यातली हजेरी सांगितली. तिने पटकन विचारलं, "माझ्या वाटचं तू बोलली न्हाईस ना?" मी नाही म्हणाले. "बरं केलंस," म्हणाली, आणि उखळीवर बसून रडायला लागली. "मरता माणूस गं... मी जवळच तर व्हते. येऊन एकदा खोटं बोलले असते तर काय गेलं असतं माझं?" मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "घे हजेरी."

मी उभी राहिले. सरोज, चारठाणा. मग म्हणाले, "कांता." तिने तोंड उघडलं. ओठ हलले, पहिलं अक्षर घशापर्यंत आलेलं मला दिसलं... आणि तिथेच थांबलं. आंब्यावर कुठेतरी होला घुमत होता. ती मान हलवत राहिली, नाही, नाही गं, असं. मग पदर खोचून उठली. तिची बस होती.

हा मजकूर मी पुरवणीकडे पाठवला तेव्हा संपादकांचा फोन आला. लेख घेतो म्हणाले, पण सगळी गावं आलीत आणि मामांच्याच गावाचं नाव तुमच्याकडून राहिलंय, तेवढं सांगा म्हणजे घालतो. मी म्हटलं, राहिलेलं नाही. तेवढी जागा मोकळी ठेवा.